एल निनो, पावसाचा खंड आणि गावाचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एल निनोचं वर्ष म्हटलं की दुष्काळाच्या बातम्या सुरू होतात. पण १९९७ साली एवढा मोठा एल निनो असूनही देशात पाऊस बरा झाला होता. मग त्यावर विसंबायचं किती?

शंका रास्त आहे. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. २००२ चा एल निनो त्या मानाने मध्यम, पण पाऊस पडला सरासरीच्या ८१ टक्के आणि एकट्या जुलैत तूट निम्म्याच्या घरात गेली. २००९ मध्ये ७८ टक्के, २०१५ मध्ये ८६ टक्के.

प्रशांत महासागराच्या मध्य विषुववृत्तीय पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त तापून तसंच काही महिने राहिलं, की एल निनो मानतात. एरवी पश्चिम प्रशांतावर वर चढणारी हवा तेव्हा पूर्वेकडे सरकते आणि भारतीय उपखंडावर हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो. खाली उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. यात पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हेही महत्त्वाचं असतं. २००२ आणि २००९ मध्ये ऊब मध्य प्रशांतात होती, १९९७ मध्ये ती पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला जास्त होती. आपल्याला मध्य प्रशांतातली ऊब अधिक नडते.

दुसरा खेळाडू आपल्याच समुद्रात आहे. हिंद महासागराच्या दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाला द्विध्रुव म्हणतात. पश्चिम भाग उबदार आणि इंडोनेशियाकडचा भाग थंड असला, की तो ‘धन’ आहे म्हणतात आणि तो बहुधा मॉन्सूनला हात देतो. १९९७ आणि २०१९ मध्ये तो धन होता. २०१९ ला देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. पण हा काही ताईत नव्हे. २०२३ मध्येही तो धन झाला, मात्र जोर धरेपर्यंत ऑगस्ट कोरडा निघून गेला होता.

म्हणून एल निनो जाहीर झाला म्हणजे दुष्काळाचं पारडं जड झालं, एवढंच समजावं. प्रत्येक प्रदेशात ते वेगळ्या बाजूला झुकतं. एल निनोत आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग कोरडा पडतो (२०२४ मध्ये झांबिया, मलावी, झिम्बाब्वे यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली), तर पेरूच्या किनाऱ्यावर पूर येतात. पूर्व आफ्रिकेला उलट ला निनाची (तोच पट्टा नेहमीपेक्षा थंड असण्याची) धास्ती असते. २०२० ते २०२२ मध्ये तिथले सलग पाच पावसाळे हुकले. महाराष्ट्रात पुन्हा सह्याद्री आडवा येतो. महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर पाचशे मिमीच्या आसपास. कमी पावसाच्या या पट्ट्यात वर्षावर्षातला चढउतारही जास्त असतो. देशाची तूट दहा टक्के असली तरी इथली चाळीस टक्के असू शकते. फेब्रुवारी-मार्चमधल्या एल निनोच्या अंदाजांवर बी-बियाण्याचे निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत समुद्राची दिशा ठरलेली नसते. हवामान विभागाचा मेअखेरचा सुधारित अंदाज पाहा.

प्रश्न : ‘सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता ४५ टक्के’ याचा अर्थ पाऊस कमी पडणार असाच ना?

नाही. अंदाजाच्या नकाशावर तीन खाने असतात : कमी, सामान्य, जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. कमीचा आकडा ४५ झाला म्हणजे धोका वाढला, पण उरलेले ५५ टक्के इतर दोन खान्यांत आहेतच. पाऊस चांगला झाला तरी अंगावर येणार नाहीत अशीच कामं अशा आकड्यावर करावीत. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, विहिरीचा गाळ काढणं, ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत पेरणी थांबवणं ही त्यातली.

प्रश्न : सरकारी आकड्यांत पाऊस ९० टक्क्यांच्या वर दिसतो, पण सोयाबीन गेलं. आकडे खोटे की काय?

आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात, पण पिकाला बेरीज कळत नाही. २०२३ चा देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, तरी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट होती आणि १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मॉन्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडे कोसळतो आणि दख्खनवर खंड पडतो.

पिकाला किती दिवसांचा खंड सोसेल हे जमीन ठरवते. ३० सेंमी खोलीची मुरमाड जमीन पिकाला जेमतेम ३० ते ४० मिमी पाणी देऊ शकते. फुलोऱ्यातलं सोयाबीन दिवसाला ५ मिमीच्या आसपास ओढतं, म्हणजे आठवड्यात खेळ संपला. मीटरभर खोल काळी जमीन तेच पीक तीन-चार आठवडे धरून ठेवते. एकाच मंडळात एकाचं पीक जळतं आणि बांधापलीकडचं तगतं ते यामुळे. खंडाचा अंदाज घ्यायला हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचं अनुमान देतो. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे नुसते नजरेखालून घालायचे.

प्रश्न : एसपीआय हा निर्देशांक घरी काढता येतो का?

ढोबळ काढता येतो. यंदाचा पाऊस त्या जागच्या नेहमीच्या पावसापेक्षा किती कमी-जास्त आहे ते हा निर्देशांक एका आकड्यात सांगतो. एकाच केंद्राचा निदान ३० वर्षांचा जून ते ऑगस्टचा पाऊस घ्या, त्यात यंदाचं वर्षही धरा. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावा. ३० वर्षांत यंदाचं वर्ष खालून तिसरं असेल तर ३ ला ३१ ने (वर्षांची संख्या अधिक एक) भागा : ०.०९७. या शक्यतेशी जुळणारा प्रमाण मूल्याचा आकडा साधारण उणे १.३ येतो (एक्सेलमध्ये नॉर्म.एस.इन्व्ह हे सूत्र तो काढून देतं). उणे १ च्या खाली मध्यम, उणे १.५ च्या खाली तीव्र, उणे २ किंवा त्याखाली अतितीव्र. चुका ठरलेल्या असतात. नोंद न झालेले दिवस शून्य धरले की दुष्काळ कागदावरच तयार होतो. मधल्या काळात पर्जन्यमापकाची जागा बदललेली असते. मंडळ पातळीवरची स्वयंचलित केंद्रं अलीकडची आहेत, ती अजून ३० वर्षांची झालेली नाहीत. तिथे तालुक्याची जुनी नोंद वापरा.

प्रश्न : ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं काठोकाठ भरलं होतं, अस्तरीकरणही आहे. तरी उन्हाळ्यात तळ दिसतो. पाणी जातं कुठे?

वर. १:१ उताराच्या अशा तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ मिमी उडालं, तर ९०० चौरस मीटरवरून रोज ७,२०० लिटर गेले. फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांत जवळजवळ एक मीटर पातळी अशीच उतरते, आणि तो वरचा, सर्वांत रुंद मीटर असतो.

एक एकराला ५० मिमीचं एक संरक्षित पाणी (खंडात पीक वाचवायला दिलेली पाळी) म्हणजे दोन लाख लिटर. तेव्हा पाणी उन्हाळ्यासाठी राखण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरच्या खंडात किंवा रब्बीच्या फुलोऱ्यात वापरणं बहुतेक वेळा फायद्याचं. फळबाग असेल तर हिशेब वेगळा; मग शेडनेट टाका.

प्रश्न : ग्रामपंचायतीने टंचाईची तयारी कधी सुरू करावी?

ऑक्टोबरअखेर. टँकरची मागणी एप्रिलमध्ये करणाऱ्या गावांनी पाच महिने गमावलेले असतात. दुष्काळाला पुरासारखा एक दिवस नसतो, म्हणून कोणत्या पातळीला काय करायचं ते आधी ठरवून ग्रामसभेत लिहून ठेवावं लागतं.

हिशेब असा : २,००० लोक, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज १ लाख १० हजार लिटर. ६०० मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर, आणखी ३० हजार. १ नोव्हेंबर ते ३० जून हे २४२ दिवस. एकूण सुमारे ३४,००० घनमीटर. आता ऊस पाहा. त्याला वर्षाकाठी २,००० मिमी धरलं आणि पावसाचे ५०० वजा केले, तरी सिंचनाला हेक्टरी १५,००० घनमीटर लागतात. म्हणजे अख्ख्या गावाचं, जनावरांसकट, आठ महिन्यांचं पाणी सव्वादोन हेक्टर ऊस पितो. पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी तो किती उभा आहे, हे आधी मोजा.

मग टप्पे ठरवा. ऑक्टोबरची विहिरींची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा एक मीटरने खाली असेल, तर रब्बीत हरभरा-ज्वारीच, नवीन ऊस नाही. जानेवारीत दोन मीटरने खाली असेल, तर विहीर अधिग्रहणाचे प्रस्ताव आणि चाऱ्याचा साठा. मोठ्या जनावराला रोज ८ ते १० किलो कोरडा चारा लागतो. ६०० जनावरांना तीन महिन्यांत ४३० ते ५४० टन. हे मीटर गावागणिक बदलतील. खडक कसा आहे त्यावर ठरवा, पण आकडा ठेवा.

प्रश्न : टँकरच्या पाण्यात टीसीएल किती टाकायची?

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची (ब्लीचिंग) पावडर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम. १२,००० लिटरच्या टँकरला ६० ग्रॅम. आधी बादलीत कालवून निवळी टाका, गाळ टाकू नका. अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी) घ्या, टँकरवर लिटरमागे ०.५ आणि घरी भरलेल्या भांड्यात निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला पाहिजे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या. उघडी राहिलेली पिशवी पावसाळ्यातून गेली असेल तर ती पावडर कमजोर झालेली असते; प्रमाण वाढवत बसण्यापेक्षा नवीन मागवा.