गुरुत्वाकर्षणच दूरवर ढकलू लागते, अशी माझी कल्पना आहे. ती कोणाला दाखवावी?

आपण विचारले आहे की, गुरुत्वाकर्षण जवळ असताना ओढते आणि फार दूर गेल्यावर ढकलू लागते असे मानले, तर विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा नावाची निराळी गोष्ट मानण्याची गरजच उरत नाही. मग विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसाने ही कल्पना कोणाला दाखवावी? मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि नेमक्या याच कल्पनेपायी मला भर सभेत खाली बसवण्यात आले होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

कल्पना वेडगळ नाही, हे आधी सांगतो. अंतर दुप्पट झाले की बल चौथाई होते, या व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणेच अंतराच्या सम प्रमाणात वाढणाऱ्या बलाचाही विचार खुद्द न्यूटनने केला होता, आणि १९१७ साली आइन्स्टाइनने आपल्या समीकरणात जो स्थिरांक घातला, त्याचा परिणाम अंतराबरोबर वाढणाऱ्या ढकलण्यासारखाच होतो. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांचा, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचा, प्रकाश अपेक्षेपेक्षा मंद आढळला, विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे हे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, आणि त्या कामाला २०११ चे नोबेल मिळाले. तेव्हापासून आइन्स्टाइनने पुढे टाकून दिलेला तो स्थिरांक पुन्हा समीकरणात येऊन बसला आहे.

आमच्याकडे ओलितासाठी थ्री फेज लाईन बहुतेक रात्रीचीच मिळते. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला की पाइप बदलायची वेळ होईपर्यंत धुऱ्यावर बसून राहावे लागते, आणि अंधाऱ्या पक्षात देवयानी दीर्घिका तेथून नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे, तर फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत. मग ओढ कोठे संपते आणि ढकलणे कोठे सुरू होते, हा प्रश्न मला तेथे पडला. कृष्ण ऊर्जेची घनता, म्हणजे एका घनमीटरमागे हायड्रोजनच्या तीन-चार अणूंइतके वस्तुमान, मी छापील माहितीतून घेतली आणि उरलेला हिशेब लॉग टेबल घेऊन वहीत केला. एकट्या सूर्याची ओढ आणि हे ढकलणे जेथे समसमान होते, त्या अंतराच्या मीटरमधील घनाचा लॉग ५५.६०४ आला, त्याला ३ ने भागले की १८.५३५, म्हणजे सुमारे ३६० प्रकाशवर्षे. आपली आकाशगंगा आणि देवयानी यांचे वस्तुमान एकत्र धरले, तर हेच अंतर ५० लाख प्रकाशवर्षांच्या पुढे जाते. देवयानी त्याच्या आत आहे, म्हणूनच ती जवळ येत आहे. हे आकडे जुळले त्या रात्री पाइप बदलायचे भान मला राहिले नाही.

ती वही घेऊन मी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला तालुक्याच्या गावी गेलो. वक्ते प्राध्यापक होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी वही पुढे केली, तेव्हा ती हातातही न घेता ते म्हणाले, "गुरुजी, गुरुत्वाकर्षण ओढतेच, ढकलत नाही, हे सातवीतल्या पोरालाही कळते. तुम्ही पोरांना पाढे शिकवा." सभागृह हसले. माझ्या वर्गातील काही मुले मागच्या रांगेत बसलेली होती, आणि मला ते हसू त्यांच्यासाठी लागले. माझे सहकारी आजही म्हणतात की प्राध्यापकांच्या तोंडी लागायला नको होते. मला ते मुळीच मान्य नाही. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धान्तात, म्हणजे सामान्य सापेक्षतेत, गुरुत्व केवळ वस्तुमानाने ठरत नाही. घनतेत दाबाची तिप्पट मिळवावी लागते, आणि दाब पुरेसा ऋण असेल तर ती बेरीज शून्याखाली जाऊन गुरुत्व ढकलू लागते. प्राध्यापकांचे वाक्य शंभर वर्षांपूर्वीच चुकीचे ठरलेले होते, आणि वही उघडली असती तर हेच समीकरण त्यांना पहिल्या पानावर दिसले असते.

आता आपल्या कल्पनेविषयी. आपले ढकलणारे बल पदार्थातून निघते की पोकळीतून, म्हणजे रिकाम्या अवकाशातून, हे आपण लिहिलेले नाही, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. ते पदार्थातून निघत असेल, तर वस्तुमान दुप्पट केल्यावर ओढ आणि ढकल दोन्ही दुप्पट होतील, म्हणजे दिशा बदलण्याचे अंतर सूर्यासाठी आणि दीर्घिकेसाठी एकच राहील. परंतु कोटीभर प्रकाशवर्षे पसरलेले दीर्घिकांचे समूह आपल्याच गुरुत्वाने बांधलेले दिसतात, तेव्हा ते अंतर त्याहून मोठे ठेवावे लागेल, आणि तेवढेच का, याचे कारणही द्यावे लागेल. ते पोकळीतून निघत असेल, तर आपण कृष्ण ऊर्जाच निराळ्या नावाने मांडत आहात. मला दुसरा मार्ग पटतो.

कोणाला दाखवावी, याचे माझे उत्तर असे की वही उघडण्याआधीच जो निकाल देतो त्याला दाखवू नये, मग त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत. डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोटाचा सिद्धान्त अखेरपर्यंत स्वीकारला नाही, पण त्यांचा विरोध समीकरणांतून आणि निरीक्षणांतून मांडलेला असे. तसे मांडलेले असेल तर ऐकणारा माणूस मिळतो. दीड हजारांहून अधिक सुपरनोव्हांची मोजमापे आज सर्वांसाठी खुली आहेत, त्यांच्याशी आपले सूत्र आधी ताडून पाहावे. त्यानंतर एखाद्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला दोन पानांचे पत्र पाठवावे. वीस पानांचे कोणी वाचत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वर दिलेले माझे सारे आकडे कृष्ण ऊर्जेची घनता कधीच बदलत नाही असे धरून काढलेले आहेत, आणि अ‍ॅरिझोनातील दीर्घिकांची अंतरे मोजणाऱ्या 'डेसी' या उपकरणाच्या २०२४ व २०२५ मधील निष्कर्षांत ती काळाबरोबर क्षीण होत असावी असे संकेत आहेत. ते अजून पक्के झालेले नाहीत. झाले, तर माझे सूत्रही बदलावे लागेल. तोवर आपल्या कल्पनेत ओढीचे ढकलणे होण्याचे अंतर नेमके किती येते, ते आकड्यात आणि हिशेबासह येथेच खाली लिहावे. मी ते ओळीने तपासून देईन.