गुरुत्व की गुरुत्वाकर्षण?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय : विश्वशास्त्रावरच्या भित्तिपत्रकात 'गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तांची चाचणी' लिहावं की 'गुरुत्वाच्या'? 'गुरुत्व' हे नुसतं आखूड रूपच ना?

बाई, आखूड रूप नव्हे. गुरू म्हणजे जड, गुरुत्व म्हणजे जडपणा. 'गुरुत्वमध्य', 'विशिष्ट गुरुत्व' यांत हा शब्द आकर्षणावाचून सुखानं नांदतो. आकर्षण म्हणजे ओढ. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) दोन्ही कल्पना एकाच श्लोकात येतात. पृथ्वीत 'आकृष्टिशक्ति' आहे, ती आकाशातली 'गुरु' वस्तू स्वतःकडे ओढते आणि ती वस्तू 'पततीव भाति', म्हणजे पडल्यासारखी भासते. त्यातला तो 'इव' मला फार मोलाचा वाटतो.

न्यूटनच्या धड्यात 'गुरुत्वाकर्षण'च ठेवा, तिथं ते चपखल बसतं. पण १९१५ च्या आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात कुणी कुणाला ओढतच नाही. बेळगाव-खानापूर बसमध्ये वरच्या दांडीला अडकवलेली पिशवी बघा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की ती पुढं झुकते. पुढून कुणी ओढलेलं नसतं, बस मंदावलेली असते. वस्तूंच्या पडण्याकडे आइन्स्टाइननं असंच पाहिलं. त्याच्या लेखी वस्तू वाकलेल्या अवकाश-काळातून आपल्या वाटेनं जातात, एवढंच.

मग या दोघांत निवाडा करायचा तर शब्दानं आधीच न्यूटनची बाजू घेऊन कसं चालेल? १९१९ च्या ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो ते मोजलं. न्यूटनच्या हिशेबानं ०.८७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आइन्स्टाइनच्या हिशेबानं १.७५. मोजमाप आइन्स्टाइनच्या बाजूनं गेलं. शिवाय सिद्धान्त दोनच नाहीत. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये वेगळा सिद्धान्त मांडला होता.

खरी अडचण १९९८ नंतरची. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय असं तेव्हा दिसलं. याला कारण कृष्ण ऊर्जा, म्हणजे अवकाशभर पसरलेली, अजून नीट न उमगलेली ऊर्जा, की एवढ्या मोठ्या अंतरावर आइन्स्टाइनचा सिद्धान्तच तोकडा पडतो, हा वाद अजून मिटलेला नाही. कृष्ण ऊर्जा धरली तर आइन्स्टाइनच्याच समीकरणांप्रमाणे गुरुत्व दीर्घिकांना एकमेकींपासून लांब सारतं. आता हेच वाक्य 'गुरुत्वाकर्षण' घालून फळ्यावर लिहा : 'आकर्षण लांब सारतं.' दहावीचं पोरही उठून विचारेल, बाई, हे कसं?

म्हणून भित्तिपत्रकावर 'गुरुत्व'.

जाता जाता, 'चाचणी'ऐवजी 'कसोटी' लिहाल का? चाचणी घटकाचीही असते. कसोटी म्हणजे सराफाचा दगड; सोन्याचा कस त्यावर उमटतो. कन्नडमध्ये त्या दगडाला 'ओरेगल्लु' म्हणतात, आणि पारखून घेण्याला 'ओरेगे हच्चु'. तुमच्या वर्गातल्या घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना तो शब्द लगेच कळेल.