रॉडचं नंतर बघू, बॅगेतल्या प्रवाळाचं आधी बोलू

प्रश्न : सोलापुरात माझा चादर-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी हिप्परग्याच्या तलावावर, नाहीतर उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकून बसायचा नाद वडिलांपासूनचा. दिवाळीत मी, माझे साडू आणि माझा वीस वर्षांचा मुलगा मालवणला गेलो. होडीवाल्याने सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडपांजवळ नेलं. "इथे सगळेच गरवतात, काही होत नाही," म्हणाला. तासाभरात वनखात्याची बोट आली. तीन रॉड, रिळं आणि धरलेले चार मासे जप्त केले, पंचनामा केला, जबाब घेतले आणि आम्हाला सोडलं. आता चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली आहे. समोरच स्थानिकांच्या होड्या जाळी टाकत होत्या, त्यांना कुणी हटकलं नाही. त्यात घरी आल्यावर मुलाच्या बॅगेत पांढऱ्या प्रवाळाचा मुठीएवढा तुकडा निघाला. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. तुकडा गुपचूप कंबर तलावात टाकून द्या, असं साडू म्हणतात. आमच्यावर काय कारवाई होईल? रॉड परत मिळतील का? आणि हौशी माणसाने समुद्रात मासे धरायचेच नाहीत का?

उत्तर : तुम्ही तुकड्याचा उल्लेख जाता जाता केलाय, पण तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. म्हणून आधी ती.

तो तुकडा तलावात टाकू नका. कुणाला देऊ नका, धुऊन-घासून शोकेसमध्येही ठेवू नका. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ आहे, आपल्या नान्नजचा माळढोक आहे, त्याच यादीत. या यादीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला कलम ५१ खाली किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद आहे, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. कायद्यानेच किमान कैद ठरवून दिलेला गुन्हा पैसे भरून मिटवता येत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"वाळूत मेलेला पडला होता, तोडला नाही," असं मुलगा म्हणत असेल तर ते महत्त्वाचं आहे. जिवंत खडकावरून तोडणं आणि वाहून आलेला तुकडा उचलणं, हा फरक न्यायालयात जोर लावून मांडता येतो. पण तेवढ्याने तुकडा तुमचा होत नाही. कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला संरक्षित प्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या हाती आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवून जमा करायचा असतो. तुमचे ४८ तास उलटून गेलेत. तरीही स्वतःहून आणून दिलेला तुकडा आणि झडतीत सापडलेला तुकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झडतीत सापडला तर ताबा बेकायदा नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं कलम ५७ मुळे तुमच्या मुलावर येईल. आणि साडूंचं ऐकून तलावात टाकलात तर पुरावा नाहीसा केल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा नवा गुन्हा अंगावर ओढवून घ्याल. त्यात तुम्ही आणि साडूही अडकाल.

म्हणून हा कागद खाली ठेवला की फौजदारी कामं करणाऱ्या वकिलांकडे जा. आधी तुकडा आणि नंतर वकील असं करू नका. अर्जातल्या एकेका वाक्याला वजन असतं, तो त्यांनी लिहावा आणि तुकडा त्यांच्यामार्फत, पोच घेऊन वनखात्याकडे जमा व्हावा. गरज वाटली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात करता येतो. मुळात तो प्रवाळच आहे की चुनखडीचा दगड, हे तज्ज्ञाने सांगायचं असतं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, तशा ठिकाणची ओळखचाचणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुलाने त्या तुकड्यासोबतचा फोटो स्टेटसला ठेवला असेल तर तोही पुसू नका, वकिलांना दाखवा.

आता रॉडचं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड गाभ्यातच येतात. अभयारण्यातून कोणताही वन्यजीव नष्ट करणं, त्याचं शोषण करणं किंवा तो बाहेर नेणं, तसंच त्याच्या अधिवासाला इजा करणं कलम २९ खाली मना आहे. इथे 'वन्यजीव' हा शब्द अनुसूचीतल्या प्राण्यांपुरता नाही, त्या अधिवासातले साधे मासेही त्यात येतात. परवाना काढला असता तर चाललं असतं का? कलम २८ खाली प्रवेशाचे परवाने मिळतात ते अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी, संशोधनासाठी, पर्यटनासाठी आणि तिथल्या रहिवाशांशी रीतसर व्यवहारासाठी. हौसेची मासेमारी त्या यादीत नाही. पर्यटक म्हणून आत जाता येतं, पण गळ टाकता येत नाही.

नोटीस उघडा आणि त्यात कोणती कलमं लिहिली आहेत ते बघा. फक्त २७ (अभयारण्यात प्रवेशावरचे निर्बंध) आणि २९ असतील तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे किमान कैद नाही, म्हणून कलम ५४ खाली तडजोड होऊ शकते. अधिकार दिलेला वन अधिकारी रक्कम ठरवतो, ती भरली की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते. पण नोटिशीत कलम ९, म्हणजे शिकार असेल, तर अभयारण्यातल्या शिकारीलाही तीच किमान तीन वर्षांची कैद आहे आणि तडजोडीचं दार बंद होतं. तसं असेल तर तुमच्या वकिलांचा पहिला मुद्दा हा असायला हवा की, शिकार ही अनुसूचीतल्या प्राण्याचीच होते. ते चार मासे कोणते होते? पंचनाम्यात जात लिहिली आहे की नुसतं 'मासे चार' म्हटलंय? पालू किंवा तांबोशी अनुसूचीत नाही. गोबऱ्यांमधली (ग्रुपर माशांमधली) महाकाय जात मात्र संरक्षित आहे, काही पाकट-मुश्यांच्या जातीही आहेत.

दुसरं म्हणजे पंचनाम्यात तुमच्या होडीची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदली आहे का? पाण्यावर कुंपण नसतं. किल्ल्यामागचं कोणतं खडप हद्दीच्या आत आणि कोणतं बाहेर, हे 'किल्ल्याजवळ' एवढ्या शब्दावर ठरत नाही. ही नोंद नसेल तर तो तुमचा खरा बचाव आहे. "आम्हाला माहीत नव्हतं" हा बचाव नव्हे. माहीत नसल्याने गुन्हा पुसला जात नाही, फार तर तडजोडीची रक्कम ठरवताना त्याचा विचार होतो.

चौकशीला हजर राहाच. पण एक ध्यानात ठेवा. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा खटल्यात वापरता येतो, कलम ५० मध्ये तशी तरतूद आहे. वन अधिकारी पोलीस नव्हेत, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला जे संरक्षण आहे ते त्यांच्यापुढे गृहीत धरू नका. जबाब पूर्ण वाचा, चुकलंय तिथे दुरुस्त करायला सांगा, कोऱ्या कागदावर सही करू नका. होडीवाल्याबद्दल जे घडलं तेच सांगा. सगळं त्याच्या माथी मारून तुम्ही सुटणार नाही, आणि त्याचं पोट त्या होडीवर आहे.

रॉड परत मिळू शकतात. वापरलेली हत्यारं-वाहनं सरकारजमा होतात असं कलम ३९ म्हणतं खरं, पण नुसत्या आरोपावरून जप्त वस्तू सरकारची होत नाही आणि खटला चालू असताना दंडाधिकारी ती सोडू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. आता हा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो. खरेदीची बिलं शोधून ठेवा. तडजोड झाली तर रॉडचं काय, हे त्याच आदेशात लिहून घ्या. नाहीतर ते रॉड वर्षानुवर्षं मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतील.

स्थानिकांना का नाही हटकलं, ही तुमची तक्रार मला समजते, पण कोर्टात ती टिकणार नाही. दुसऱ्याने नियम मोडला म्हणून मलाही मोडू द्या, अशी समानता घटनेच्या कलम १४ मध्ये नाही. शिवाय त्यांनी नियम मोडला, हेच मुळात गृहीत धरता येत नाही. सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करा, असं कायद्याच्या कलम २६अ मध्येच लिहिलंय. हौशी माणसाचं नाव त्या वाक्यात नाही, आणि नसावं, असं माझं मत आहे. आपण सोलापूरकरांनी हे घरच्या अंगणात पाहिलंय. १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, आणि पुढे कमी होऊन १,२२२ वर आलं. मधली सगळी वर्षं शेतकरी आपल्याच जमिनीच्या व्यवहारासाठी हेलपाटे घालत होता. अभयारण्याची किंमत तिथे राहणारा मोजतो. मालवणात ती किनाऱ्यावरून रापण ओढणारा आणि गिलनेट जाळी लावणारा मच्छीमार मोजतो. आपण सुट्टीत जाऊन त्याच्याइतकाच हक्क कसा मागायचा?

हौशी माणसाने मासे धरायचेच नाहीत का, या प्रश्नाला माझं उत्तर आहे, धरा. सिंधुदुर्गाचा किनारा १२१ किलोमीटरचा आहे आणि अभयारण्य त्यातला छोटा तुकडा. बाहेर गळ टाका. होडी घ्याल तर तिची मासेमारीची नोंदणी विचारा, आणि १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत जाऊच नका. पण त्या छोट्या तुकड्याचा हट्ट सोडा. गोबरा जन्मतो मादी म्हणून, मोठा झाल्यावर त्यांतले काही नर होतात. हौशी माणूस नेमका मोठाच मासा धरायला बघतो, म्हणजे खडपावरचे नरच उचलतो. गाठीसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. होडीच्या नांगराचा एक घाव तुमच्या मुलाच्या वयाइतकी वाढ मोडतो. धरून सोडून देऊ म्हणालात तरी नांगर पडतोच.

तुमच्या मित्रमंडळींना काही मागायचंच असेल तर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे लेखी मागणी करा. हद्दीवर ठळक तरंगते बोये लावा, धक्क्यावर नकाशा लावा, आणि व्यवस्थापन आराखडा तयार होताना बाहेरच्या कोणत्या खडपांवर गळ चालेल ते ठरवा, एवढंच त्यात असू द्या. मच्छीमार संस्थांशी आधी बोलून त्यांच्या सह्या घेतल्यात तर त्या अर्जाला वजन येईल.

पण ते सगळं नंतर. वकिलांकडे जाताना नोटीस, पंचनाम्याची प्रत आणि रॉडची बिलं घ्या, आणि मुलाला बरोबर न्या. तुकडा कुठे, कसा उचलला हे त्याच्या तोंडून वकिलांनी ऐकायला हवं. त्या वेळी तुम्ही आणि साडू बाहेरच्या बाकावर बसा.