शेवटच्या हप्त्याचा महिना

आपण लिहिले आहे की, बेळगावजवळच्या पिरनवाडीत घर बांधण्यासाठी तीन वर्षांपूर्वी 25 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने, 20 वर्षांच्या मुदतीवर घेतले. पहिले वर्ष संपताना उत्साहाने 50,000 रुपये जादा भरले. आतापर्यंत पावणेआठ लाखांवर हप्ते जाऊनही शिल्लक पावणेतेवीस लाखांच्या आसपासच दिसते, तेव्हा जादा भरण्याची उमेद राहिलेली नाही आणि ती टिकवावी कशी, हा आपला प्रश्न आहे. मी हा रस्ता साडेबारा वर्षे चाललो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपली उमेद खचली ती आळसामुळे नव्हे. आपण चुकीच्या आकड्याकडे पाहत आहात. आपला हप्ता 21,696 रुपयांचा असावा. त्यातले पहिल्या महिन्यात 17,708 रुपये व्याजापोटी गेले आणि मुद्दलातून जेमतेम चार हजार कमी झाले. जादा रक्कम काहीच भरली नसती, तर पाच वर्षांत 13 लाख भरूनही मुद्दल तीन लाखांनीसुद्धा उतरले नसते. शिल्लक रकमेकडे पाहून उत्साह येईल अशी सोय या गणितात पहिली सात-आठ वर्षे नसतेच. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे म्हणणाऱ्यांच्या काळात बँकेचा हप्ता नव्हता, नाही तर म्हणीत तिसरा तुकडा नक्की जोडला गेला असता.

आता तेच 50,000 रुपये दुसऱ्या मापाने मोजून पाहा. मुदत कायम न ठेवता हप्ता कायम ठेवला असेल, तर त्या एका भरण्याने आपल्या कर्जाचे शेवटचे 11 हप्ते उडाले आहेत. म्हणजे 2,40,000 रुपयांच्या आसपासचे देणे 50,000 रुपयांत मिटले. हीच रक्कम आपण या महिन्यात पुन्हा भरली, तर जवळजवळ नऊ महिने कमी होतील. शिल्लक दहा लाखांवर आल्यानंतर भरली, तर साडेतीन महिनेही पुरते कमी होणार नाहीत. ‘पुढे पगार वाढला की एकदम भरू’ असे म्हणणाऱ्यांना मी हा एवढाच हिशेब दाखवतो.

आमच्या घरी या हिशेबाला रूप माझ्या पत्नीने दिले. आम्ही अनगोळच्या घरासाठी मार्च 2009 मध्ये 12 लाखांचे कर्ज घेतले, तेव्हा मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत सुपरवायझर होतो. तिने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला ‘मार्च 2029’ एवढेच लिहून ठेवले. जादा पैसे भरले की ती बँकेतून उरलेल्या हप्त्यांची संख्या विचारून यायची, जुना महिना खोडायची आणि त्याखाली नवा लिहायची. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ती मोठी झाल्यावर स्वतःच हिशेब घालू लागली की, शेवटचा हप्ता जाईल तेव्हा आपण सव्वीस वर्षांचे असू, मग तेवीसचे, मग एकवीसचे. घरातल्या लहान माणसालाही समजेल असे माप सापडल्यावर ‘या दिवाळीला सोफा बदलू’ या विषयावरचे वाद आपोआप कमी झाले, कारण सोफ्याची किंमत किती महिने, हे सगळ्यांनाच कळत होते. एक पूर्ण वर्ष मागे आले की पाव किलो कुंदा आणायचा, एवढी एकच चैन आम्ही ठरवून घेतली होती, आणि ती कधी चुकवली नाही.

यात माझी एक मोठी चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये. 2013 आणि 2014 या दोन वर्षी मी दिवाळीच्या बोनसमधून रक्कम भरली, पण मुदत कमी करा की हप्ता, हे लिहून दिले नाही. बँकेने मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला. दरमहा वाचलेले ते सातशे-आठशे रुपये कुठे गेले, हे मला आजही सांगता येणार नाही. दिनदर्शिकेवरचा महिना हलला नाही, म्हणून पत्नीने चौकशी केली, तेव्हा हे उघडकीला आले. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ असा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि उरलेल्या हप्त्यांचा आकडा तपासावा. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या निर्देशांनुसार वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर दाखवणारे पत्रक दर तिमाहीला कर्जदाराला उपलब्ध करून द्यावे लागते. ते मागून घ्या.

व्याजदराचेही असेच आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहापर्यंत चढला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. उलट, 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो एक टक्क्याने उतरला. आपला दर रेपोशी जोडलेला असेल, तर ही घट आपल्यालाही मिळायला हवी. ती मिळाल्यावर हप्ता कमी करून घेण्याचा मोह आवरावा आणि जुनाच हप्ता चालू ठेवावा. खिशाला काहीही न जाणवता महिने कमी होण्याचा हा एकच मार्ग मला माहीत आहे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. मी 2010 मध्ये भरलेल्या पहिल्या जादा रकमेवर तो दिला होता, म्हणून हे विशेष लक्षात आहे.

उमेदीवर फार विसंबू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. ती गणपतीच्या खर्चात हमखास ओसरते. त्याऐवजी पैसा घरात ज्या वाटेने येतो, त्या वाटेवरच बांध घालावा. आपल्या भागात पिग्मीची सवय अनेक घरांत आहे. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आता बहुतेक पतपुरवठा सोसायट्या चालवतात. तिच्यावर व्याज फारसे मिळत नाही, हे खरे आहे, परंतु रोज शंभर रुपये दारात येऊन नेणारा माणूस आपल्या उत्साहाची चौकशी करत नाही. वर्षाला 36,500 रुपये होतात, आणि खाते पिकले की त्याच आठवड्यात ती रक्कम कर्जात जावी. आपल्या वडिलांना उसाचे बिल येते, असे आपण लिहिले आहे. त्यातला ठरलेला हिस्सा, मग तो दहावा असो की पाचवा, बिल जमा झाल्याच्या दिवशीच भरावा, कारण महिनाभर खात्यात पडलेल्या पैशाला नातेवाइकांची लग्ने आणि ट्रॅक्टरची दुरुस्ती अचूक शोधून काढतात. वर्षाकाठी एक हप्ता जरी जादा गेला, तरी 20 वर्षांचे कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत संपते.

तरीही हाती येईल ते सगळे कर्जात ओतावे, असे माझे म्हणणे नाही. सोसायटीचे वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण शिल्लक असेल, तर ते आधी फेडावे, कारण त्याचे व्याज सहसा गृहकर्जाहून चढे असते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असावा. 2020 च्या टाळेबंदीत फौंड्री बंद पडली, तेव्हा आमच्याकडे तो नव्हता. आम्ही तीन महिने हप्ते भरले नाहीत, थकलेले व्याज मुद्दलावर चढले आणि दिनदर्शिकेवरचा महिना पहिल्यांदाच पुढे सरकला. पत्नीने तोही निमूटपणे लिहिला. करसवलत जाईल म्हणून कर्ज ठेवा, हा सल्ला मला कधीच पटला नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाही, आणि जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंत असली, तरी तीस रुपयांचा कर वाचवण्यासाठी शंभर रुपये व्याज भरण्यात शहाणपण कोणते?

आमचा शेवटचा हप्ता ऑक्टोबर 2021 मध्ये गेला. त्यानंतर मूळ खरेदीखत हाती यायला मात्र अडीच महिने लागले आणि चार खेपा पडल्या. आता डिसेंबर 2023 पासून पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे बँकांना बंधनकारक आहे, आणि त्यांच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे आल्यावर सब-रजिस्ट्रार कचेरीत कर्जाची नोंद असेल, तर बोजा उतरवून घ्यावा. हे कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून घरात वाचता येणारे कोणी नसेल, तर जाणकाराकडून प्रत्येक ओळ वाचून घेऊनच सही करावी.