समुद्रातील चक्रीवादळ आणि आपले शिवार: शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे

अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होत असल्याची बातमी आल्यापासून तासगाव, मिरज आणि वाळवा तालुक्यांतील शेतकरी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहेत: वादळ कोकण किनाऱ्याला येणार, मग आपण शेतात काही करायचे का? करायचे, आणि पाऊस सुरू होण्याआधी करायचे. सह्याद्रीमुळे वाऱ्याचा जोर ओसरतो हे खरे. परंतु ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाने घाट ओलांडल्यावर पुणे जिल्ह्यातील पॉलिहाऊसचेही नुकसान केले. मे २०२१ मधील तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत धडकले, तरी घाटमाथ्यावर पाऊस झालाच.

तासगावच्या एका बेदाणा उत्पादकाने विचारले आहे की, हा वळीवच समजायचा ना, तासाभरात येऊन जाणारा? तसे समजू नये. वळीव दुपारच्या तापलेल्या हवेतून उठतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन देतो. वादळाच्या ढगांमुळे मात्र दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहते आणि हवेतील ओल उतरत नाही, म्हणून वाळवणीच्या रॅकवरचा माल भिजला नाही तरी काळा पडतो. नवीन द्राक्षे डिपिंग करून (म्हणजे वाळवणीआधी द्रावणात बुडवून) रॅकवर टाकणे तूर्त थांबवावे. मूठभर बेदाणा दाबून सोडल्यावर दाणे सुटे होत असतील, तर तो माल आजच उतरवून कोरड्या खोलीत ठेवावा. शेडला पडदे बांधताना बहुतेक जण फक्त पश्चिमेची बाजू झाकतात. वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे ते आपल्या पश्चिमेकडून समुद्रातूनच उत्तरेला सरकले, तर आपल्याकडे वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्येकडून येईल. म्हणून दक्षिण आणि पूर्व बाजूही तितक्याच घट्ट बांधाव्यात, मात्र पाऊस उघडताच पडदे वर करावेत, नाहीतर आतल्या आत माल घामेजतो.

शिजवून वाळत टाकलेली हळद गोळा करून उंचावर ठेवावी. जमिनीवर टाकलेल्या ताडपत्रीखाली पाणी शिरतेच.

खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळी छाटणी) झालेल्या द्राक्षबागांत पाणी आणि नत्र हात राखून द्यावे, शेंडे खुडावेत. ढगाळ हवेत वेल नुसती वाढते आणि काडीत घडनिर्मिती कमी होते. कोवळ्या फुटीवर करपा रोगही याच दिवसांत येतो. पाऊस तोंडावर असताना केलेली फवारणी धुऊन जाते, तेव्हा पाने सुकण्याची वाट पाहावी. आडसाली ऊस उंच झाला असल्यास लोळू नये म्हणून शेजारच्या ओळींतील पाला एकमेकांत बांधावा आणि चर मोकळे करावेत.

गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवण्याची आपल्याकडची सवय मला नेहमीच धास्तीची वाटते, कारण पत्रा उचलला गेला की तोच दगड जनावराच्या पाठीवर येतो. पत्रे तारेने वाशाला आवळावेत, आणि जनावरे झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली बांधू नयेत.

वाळवा तालुक्यातील एका भगिनींची मुलगी गुहागरकडे दिली आहे. तिच्या सासरची आंब्याची बाग आणि कौलारू घर किनाऱ्यालगत आहे, तेव्हा त्यांना काय सांगावे, असे त्या विचारतात. तयार आंबा आधीच उतरवून घ्यावा; कोवळ्या फळाच्या मोहाने ऐन वाऱ्यात कोणीही झाडावर चढू नये. घर खाडीच्या किंवा समुद्राच्या तोंडाशी असेल तर उधाणाचे पाणी आत येऊ शकते, म्हणून प्रशासनाने सूचना देताच, आणि शक्यतो उजेडी, उंचावरच्या पक्क्या इमारतीत जावे. औषधे, पिण्याचे पाणी, बॅटरी आणि सातबारा, आधार यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत घ्याव्यात. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावरून गेला, तर वारा एकाएकी पडतो आणि लोक पडझड पाहायला बाहेर येतात; थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने परततो. म्हणून वारा पडला तरी, वादळ पुढे गेल्याचे प्रशासनाने कळवेपर्यंत बाहेर पडू नये, हे मुलीला आजच, फोनची रेंज आहे तोवर सांगून ठेवावे.