जुन्या जीपच्या डाव्या चाकाचे स्टड मोडले असतील तर आधी आट्यांची दिशा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिंद्राची जुनी सीजे-थ्रीबी आहे, पंक्चर काढताना पुढच्या डाव्या चाकाचे पाचांपैकी दोन स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते आट्यांचे खिळे) मोडले, आणि गॅरेजवाला म्हणतोय की जागच्या जागी ठोकून नवे घालतो, नाहीतर वेल्डिंग मारून देतो. माझं स्पष्ट मत आहे, यातलं काहीही करू देऊ नका. माझ्या घरी वडिलांच्या वेळची हीच जीप आहे आणि तिची चाकं मी स्वतःच उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टड मोडले कशाने, हे आधी समजून घ्या. विलीज या मूळ अमेरिकन जीपच्या घराण्यातल्या या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांना मुळात उलटे आटे असतात. म्हणजे तिथला नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. नट हलत नाही म्हणून तो पान्याला पाइप लावतो आणि जोर करतो. प्रत्यक्षात नट आणखी आवळला जात असतो. शेवटी स्टड पिळवटून तुटतो. डॉज, प्लिमथ या क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांनाही डावीकडे असेच उलटे आटे असत, त्यामुळे त्या बाळगणाऱ्यांनाही हा त्रास ठाऊक आहे. स्टडच्या टोकावर किंवा नटावर बऱ्याचदा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो, पण गंज आणि रंगाखाली तो दिसत नाही. तारेच्या ब्रशने घासून बघा. खूण नसेल तर उजव्या चाकाचा एक नट काढून डाव्या स्टडवर हाताने लावून बघा. उलटे आटे असतील तर तो धरणारच नाही.

आता ठोकून का काढायचे नाहीत. मूळ स्टड हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, नुसते दाबून बसवलेले नसतात. हब आणि ब्रेकचा ड्रम एकत्र धरण्यासाठी स्टडचा खांदा बाहेरच्या बाजूने रिव्हेटसारखा फुलवलेला असतो. ती फुललेली कड न कापता घणाने स्टड मागे ढकलला, तर कड भोकातून ओरबाडत जाते आणि भोक मोठं होतं. मग नवा स्टड त्यात घट्ट बसत नाही, नटाबरोबर गोल फिरतो, आणि हबच बदलायची वेळ येते. जुन्या जीपचा चांगला हब आज मिळवणं किती अवघड आहे, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हब आणि ड्रम उतरवून चांगल्या टर्नरकडे न्या. स्टडभोवती बसणाऱ्या पोकळ कटरने त्याला ती कड कापायला सांगा आणि मगच हायड्रॉलिक प्रेसवर स्टड काढा. प्रेसवर हबच्या फ्लँजला, म्हणजे स्टड बसतात त्या चकतीला, स्टडच्या अगदी जवळून आधार हवा, नाहीतर फ्लँज वाकतो. नवा स्टडही प्रेसनेच बसवा. नट आवळून आत ओढून घेतला तर तो बसवतानाच ताणला जातो.

वेल्डिंगबद्दल एकच सांगतो. स्टडचं पोलाद उष्णतेने ठिसूळ होतं, आणि तो वरून धडधाकट दिसत असताना रस्त्यावर तुटतो.

सगळ्यात जास्त काळजी घ्या ती मापाची. जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आटे. बाजारात सहज मिळतो तो मारुती जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा, १.२५ पिचचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असलेला. दोन्ही गाड्यांच्या चाकांची पाच भोकं साडेपाच इंचांच्या, म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असल्यामुळे जिप्सीचं सामान जीपला सर्रास लावलं जातं. इथेच घात होतो. जीपच्या स्टडचं, इंचाला २० आट्यांचं, पिच १.२७ मिलिमीटर येतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. त्यामुळे जीपचा जुना नट जिप्सीच्या स्टडवर गुपचूप चढतो, फिरतोही छान, पण आट्यांच्या फक्त टोकांना धरतो. आवळताना किंवा खड्ड्यात गाडी आदळली की आटे सोलून नट निसटू शकतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, व्हर्नियर आणि पिच गेज घेऊनच खरेदी करा. स्टडच्या मानेवरच्या दातऱ्यांचा व्यास भोकापेक्षा किंचित जास्त आहे ना, हेही तिथेच मोजा.

दोन मोडले असले तरी त्या चाकाचे पाचही बदला. उरलेल्या तिघांनीही तोच जोर खाल्लेला आहे. उलट्या आट्यांचे नाही मिळाले तर पाचही सुलटे घातले तरी चालतात, नट नीट आवळलेला असला की चाक धरून राहतं. मात्र एकाच चाकावर मिसळ नको. आणि डावीकडचं एक चाक सुलटं, दुसरं उलटं असं ठेवणार असाल तर ड्रमवर रंगाने बाण काढून ठेवा, पुढच्या पंक्चरवाल्यासाठी.

हब परत चढवताना बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा, ऑइल सील नवं घाला. रिमची नट बसायची उतरती भोकं लांबट झाली असतील तर ती रिम टाकून द्या. नटाची निमुळती बाजू रिमकडे, आटे कोरडे, आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. तुमच्याकडे मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा धरा. अर्ध्या इंचाला साधारण ७० ते ८० फूट-पाउंड लागतात. पन्नासेक किलोमीटर चालवून झाल्यावर गाडी थंड असताना तेच नट पुन्हा तपासा, कारण नवे स्टड थोडे बसतात.