माझ्या मुलीचं नाव नेमकं कोणत्या शाळेच्या पटावर चढणार, हे आधी विचारा

लेकीला कोणत्या शाळेत घालू, ही तुमची पोस्ट वाचली. नाशिकच्या इंदिरानगरात घर, लेक जूनमध्ये पहिलीला आणि मनात दोन शाळा: घरापासून चालत जाण्याजोगी अनुदानित सेमी इंग्रजी, नाहीतर गंगापूर रोडच्या पुढची नवी, चकाचक, बस असलेली. दुसरीबद्दल तुम्ही लिहिलंय, 'सीबीएसईची मान्यता प्रोसेसमध्ये आहे असं ऑफिसात सांगितलं.' ते वाचून पोटात गोळाच आला. आम्हालाही हेच ऐकवलं होतं, शब्दाला शब्द.

वयाची अट, जन्मदाखला, आधार हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझ्या मुलाची पहिली-दुसरी अशाच एका शाळेत झाली. नाव घेणार नाही. बाई फार छान होत्या, शिकवण्याबद्दल आजही तक्रार नाही. आम्ही नाशिकरोडला राहायला गेलो आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तिथून सगळं सुरू झालं. आज साहेब नाहीत, उद्या सही राहिलीये, परवा क्लार्क रजेवर. नव्या शाळेने सरकारी पोर्टलवर ट्रान्सफर रिक्वेस्ट टाकली तर हे म्हणतात, आमच्याकडे आलीच नाही. यायची कशी? मुलाचं नाव त्या शाळेत नव्हतंच! त्यांना पहिलीचा वर्ग भरवायची मान्यताच मिळालेली नव्हती, म्हणून सगळी पोरं कागदोपत्री त्याच संस्थेच्या निफाडकडच्या एका शाळेच्या पटावर. शेवटी दाखला हातात पडला तो अशा शाळेचा, जिचं फाटकही आमच्या मुलाने पाहिलेलं नाही. प्रगतिपुस्तकावर एक नाव, दाखल्यावर दुसरं. नव्या शाळेने भुवया उंचावल्या, आणि ते निस्तरेपर्यंत पोरगा घरी बसून.

नंतर जुन्या फीच्या पावत्या काढून बघितल्या. वर संस्थेचं नाव ठळक, खाली रक्कम, आणि शाळेच्या नावाच्या जागी नुसता गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. फी मात्र एका दिवसाने उशिरा चालायची नाही. असो.

कुणी म्हणेल, शिक्षण हक्क कायदा आहे की. आहे ना. 2009 च्या त्या कायद्यात मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा असं स्पष्ट आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही हेही आहे. पण हे संरक्षण सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना कामाला येतं. आम्ही जात होतो विनाअनुदानित शाळेत. तिथे कायद्याचा कागद दाखवून कुणी हलत नाही. (मी वकील नाही, माझ्या समजुतीप्रमाणे सांगतेय.)

तेव्हा त्या नव्या शाळेत जाऊन एवढंच विचारा: माझ्या मुलीचं नाव कोणत्या यूडायस नंबरवर चढणार? यूडायस म्हणजे सरकारी नोंदीत प्रत्येक शाळेला मिळालेला अकरा आकडी नंबर, आपल्या राज्याचा 27 ने सुरू होतो. तो घ्या आणि यूडायसच्या साइटवर टाकून शाळेचं नाव, पत्ता, कितवीपर्यंतचे वर्ग आहेत ते ताडून बघा. सीबीएसईची संलग्नता असेल तर तीही बोर्डाच्या साइटवर दिसते. 'त्याची तुम्हाला काय गरज, मॅडम?' असं उत्तर आलं तर तिथूनच माघारी फिरा. शिवाय शाळा सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या पालकांना गाठा. आत असलेले पालक सगळं छानच सांगतात, फी भरून बसलेले असतात बिचारे.

माझं विचाराल तर डोळे झाकून जवळची शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा 2024 चा शासन निर्णय आहे, म्हणजे बस निघणार नेमकी ऑफिसच्या गर्दीत. त्या वेळी इंदिरानगरच्या बोगद्याची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात 2027 चा कुंभ तोंडावर, म्हणजे रस्त्यांची कामं आलीच. सहा वर्षांचं पोर रोज त्या बसमध्ये कशाला पेंगत बसवायचं? इंग्रजीची काळजी असेल तर सेमीत गणित पहिलीपासून इंग्रजीतून असतं, बाकीचं घरी होतं. अर्थात जवळची अनुदानित शाळा आहे म्हणून चांगलीच असेल असंही नाही. पहिलीच्या वर्गात किती मुलं बसतात ते बघा. कायद्याच्या हिशोबाने तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा, बाहेरून नको.

आणि सगळ्याच नव्या शाळा तसल्या नसतात, हेही सांगते. माझ्या बहिणीची मुलगी पाथर्डी फाट्याजवळ एका नव्या शाळेत आहे, तिथे नंबर विचारला तर क्लार्कने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

चौकशीला शनिवारी जाऊ नका, खिडकीवर उत्तर द्यायला बहुतेक शिपाईच असतो. मधल्या वारी, शाळा भरल्यावर अकराच्या सुमारास जा. यूडायस नंबर वहीत लिहून घेण्यापेक्षा त्यांच्याच लेटरहेडवर मागा.